कोशातलं कुंकवाचं दुकान

चारठाण्याच्या बाजारात एक बोळ आहे. तिथून भर दुपारी अजूनही कोणी जात नाही, बायका तर नाहीच. त्याला कारण एक पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकातली एक ओळ माझी आहे.

ही गोष्ट एकोणीसशे छत्तीस-सदतीसची, निजामाच्या राज्यातली. मी तेव्हा गावच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. शाळेत उर्दू, घरी मराठी आणि डोक्यात कायम कसला तरी राग, अशी माझी तऱ्हा होती. पुण्याच्या एका कोशमंडळाने मराठी मुलखातल्या गावांचा कोश काढायला घेतला होता. मोगलाईतल्या गावांची माहिती त्यांना माझ्यासारख्या मास्तरांकडून हवी होती, आणि चारठाण्याची नोंद माझ्या वाट्याला आली. पैसा-अडका काही नाही, नुसता मान. माझी बायको कावेरी म्हणाली की मान ठेवायला घरात एक फळी रिकामी आहे, खुशाल लिहा.

नोंदीत काय असावं हे मंडळाने आधीच कळवलं होतं. नदी, देवळं, लोकवस्ती, पिकं, बाजाराचा वार. आणि शेवटी बजावलं होतं की दुकानं आणि दुकानदारांची नावं देऊ नयेत. ते वाचून माझं डोकं फिरलं. आमच्याकडे जुनी देवळं आहेत. कधीमधी कोणी साहेब येतो, खांबांवरून हात फिरवतो, टिपण काढतो आणि जातो. ती कोणी बांधली हे गावात एकालाही धड सांगता येत नाही. पण किशनरावांच्या दुकानातलं कुंकू जिंतूरपासून सेलूपर्यंत घरोघर ठाऊक होतं. लग्न ठरलं की मुलीची आई आधी चारठाण्याला माणूस धाडायची आणि मग सोनाराकडे जायची. मग ज्यांचा बांधणारा माहीत नाही ते दगड म्हणजे गाव, आणि ज्याच्या घरचं कुंकू हजार बायकांच्या कपाळावर रोज लागतं तो कोणीच नाही, हा कुठला न्याय? मी तसं पुण्याला लिहिलं, आणि गोड शब्दांत लिहिलं नाही.

संपादक थंड डोक्याचे गृहस्थ होते. कोश म्हणजे जाहिरात नव्हे, असं त्यांचं म्हणणं. देऊळ पडलं तरी ते देऊळच राहतं. दुकान मात्र माणसाचं असतं आणि माणूस आज आहे, उद्या नाही. कोशात एकदा ‘आहे’ असं छापलं की वाचणाऱ्यासाठी ते कायमचं ‘आहे’ होतं, तेव्हा जपून असावं. मी ते उत्तर कावेरीला वाचून दाखवलं आणि पुणेकरांविषयी जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. खरं सांगायचं तर त्यात मला शहाणपण दिसलंच नाही, नुसता तोरा दिसला.

आता त्या दुकानाची अडचण सांगतो. किशनराव स्वतः गावात नव्हते. बारा वर्षं होत आली होती, ते हळद आणायला वसमतकडे गाडी घेऊन गेले, तिथून गंगाखेडला गोदावरीच्या स्नानाला जाऊन येतो असा निरोप त्यांनी धाडला, आणि मग आलेच नाहीत. त्या साली गंगाखेडच्या बाजूला पटकीची साथ होती. गाडीवान लिंबाजी एकटाच हळदीची पोती घेऊन परतला. यात्रेच्या गर्दीत मालकांची चुकामूक झाली, एवढंच त्याने गावाला सांगितलं. पुढे तोही वारला. कोणी म्हणे किशनराव पटकीत गेले, कोणी म्हणे गोसाव्यांच्या मागे लागून काशीला गेले. प्रेत कोणी पाहिलं नव्हतं.

दुकान त्यांची बायको नर्मदाबाई चालवत होती. हळकुंडं लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून मुरवायची, सावलीत वाळवायची, पिवळ्याची लाल झाली की जात्यावर दळून कापडातून गाळायची, हे सगळं तिचे हात करत. पाटी मात्र किशनरावांची. गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, मालक बाहेरगावी गेलेत. बारा वर्षं ती हे एकच वाक्य म्हणत आली आणि गाव ते ऐकून घेत आलं, कारण तिच्या कपाळावर कुंकू होतं. सवाष्णीच्या हातचं कुंकू बायका घेतात. विधवेच्या हातचं चिमूटभरसुद्धा कोणी घरात आणत नाही.

आणि आमच्याकडे रूढी अशी की बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही तो मेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. मग बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कपाळ पुसायचं. नर्मदाबाईंचा दीर बन्सीधर भटजींना विचारून बसला होता, आणि भटजींनी भाद्रपदातला दिवसही काढून दिला होता. बन्सीधरला ती जागा सरकीच्या वखारीसाठी हवी होती, असं लोक म्हणत. मुलाबाळांविना राहिलेल्या बाईचं कुंकूही जाणार होतं आणि दुकानही.

मी गावावर काहीतरी लिहितो आहे हे कावेरीकडून नर्मदाबाईच्या कानावर गेलं होतं. एके सकाळी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली. चाळिशीची, काटक बाई. बोटांच्या नखांत लाल रंग कायमचा मुरलेला.

"मास्तर, तुमी त्या पुस्तकात आमचं दुकान घाला," ती म्हणाली. "त्यांच्या नावानं घाला. पुण्यात छापलेल्या मानसाला भटजी कसं जाळतेत ते मी बघते."

मला हसू आलं आणि तिचं कौतुकही वाटलं. वादात मला हवा तो दाखला समोर येऊन बसला होता. दुकान तर खरंच होतं, कुंकू खरं होतं, पाटी खरी होती. मी लिहिलं: ‘येथील किशनराव यांचे कुंकवाचे दुकान प्रसिद्ध आहे.’ संपादकांशी पुन्हा झकाझकी झाली. अखेर कंटाळून त्यांनी कळवलं की तुमच्या जबाबदारीवर छापतो.

श्रावण सरता सरता कोशाचा खंड आला. बाजाराच्या दिवशी मारुतीच्या पारावर मी चारठाण्याची नोंद मोठ्याने वाचली. देवळांचं वर्णन लोकांनी जांभया देत ऐकलं आणि दुकानाची ओळ आली तशी सगळी गर्दी एकदम जागी झाली. ती ओळ मला चारदा वाचायला लावली. भटजी पारावरच होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि म्हणाले की ज्याचं दुकान आहे म्हणून एवढे विद्वान लिहितात त्याचं क्रियाकर्म मी कोणत्या तोंडाने करू? पुण्याच्या लोकांनी चौकशी केल्याशिवाय का छापलं असेल? चौकशी करणारा माणूस त्यांच्यासमोर उभा होता, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही. विधी पुढे ढकलला गेला. बन्सीधर पुस्तकाकडे बघत राहिला आणि मग उठून गेला. नर्मदाबाईंनी गल्लीत साखर वाटली.

दिवाळीनंतर बाहेरगावचे लोक दुकान विचारत यायला लागले. माझी मान ताठ झाली. अशात मानवतचा एक व्यापारी शाळेत मला भेटायला आला. कोशात वाचून आलो, कुंकू घेतलं, उत्तम आहे, म्हणाला. मी म्हटलं, बाईंनी बरोबर मापून दिलं ना? तो म्हणाला, बाई कुठे होत्या, मालकांनीच दिलं. हडकुळे गृहस्थ आहेत, कोपरापर्यंत हात लाल. एक शब्द बोलले नाहीत. फक्त माझ्या तांब्याकडे बोट दाखवून पाणी मागितलं आणि सगळा तांब्या घटाघटा पिऊन टाकला.

मला वाटलं, बन्सीधरने कोणालातरी बसवून खोडी काढली. नर्मदाबाईंना विचारलं तर त्या वेळी त्या नदीवर धुणं धूत होत्या, आणि दुकानाला कडी होती. ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. पण त्या म्हणाल्या एवढंच, की परगावचा माणूस, दुसऱ्या दुकानात शिरला असेल. चारठाण्यात कुंकवाचं दुसरं दुकान नव्हतं.

मग थंडी सरली, चैत्र आला, उन्हं तापायला लागली. हळदीकुंकवासाठी कावेरी एका दुपारी कुंकू आणायला गेली. दुकानात कोणी नव्हतं. आतल्या खोलीचा पडदा खाली होता आणि आत जातं फिरत होतं. तिने दोनदा हाक मारली. जातं थांबेना. तेवढ्यात मागून तिच्या खांद्याला हात लागला. नर्मदाबाई विहिरीवरून पाण्याची घागर घेऊन आल्या होत्या. मग आत दळतंय कोण, असं कावेरीने विचारलं. घागर तशीच कडेवर घेऊन नर्मदाबाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या लुगड्यावरून पाणी खाली गळत राहिलं. कावेरी रिकाम्या हाताने घरी परतली. घरात होतं ते त्या दुकानचं कुंकू तिने तुळशीपाशी मातीत पुरलं आणि मला म्हणाली की तुमच्या त्या ओळीने काय करून ठेवलंय ते जाऊन बघा.

मी भुतंखेतं मानणारा माणूस नव्हतो. भूत नसतं हे पटवायला मुलांना तर मी पिंपळाखाली बसवून दाखवलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर त्या बोळाच्या तोंडाशी मी थबकलोच. ऊन डोक्यावर होतं. बोळात चिटपाखरू नव्हतं. नर्मदाबाई दुकानाच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या, माझीच वाट बघत असल्यासारख्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि कोपऱ्यातल्या रांजणाचं झाकण काढून दाखवलं. रांजण पाण्याने काठोकाठ भरलेला होता. त्यांनी झाकण लावलं आणि आम्ही बसून राहिलो.

पडद्यामागे जातं सुरू झालं. सावकाश, जड, मधेच अडखळत. दळताना बायका ओव्या म्हणतात, गप्पा मारतात, निदान श्वास तरी टाकतात. इथे नुसती दगडावर दगडाची घरघर. उठून पडदा बाजूला करावा असं मनात आलं, पण हात उचलेना, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. मग जातं थांबलं. पडदा हलला नाही. पण रांजणाच्या बाजूने आवाज आला, खूप तहान लागलेला माणूस पितो तसा. पुन्हा जातं सुरू झालं तेव्हा नर्मदाबाईंनी झाकण काढलं. पाणी निम्म्यावर गेलं होतं, आणि रांजणाच्या काठावर चार बोटांचे लाल ठसे होते, ओले.

"मास्तर, ते मेलेत," नर्मदाबाई म्हणाल्या. "मला पयल्या दिवसापासून ठाव हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लिंबाजी गंगाखेडहून आला त्या दिवशी आधी त्यांच्याकडेच आला होता. किशनरावांना घाटावर पटकी झाली होती. पटकीच्या रोग्याला पाणी दिलं की तो दगावतो, असं तेव्हा सगळेच मानत. लिंबाजीही मानत होता. एक अख्खा दिवस किशनराव पाणी पाणी करत होते, आणि मालक वाचावे म्हणून लिंबाजीने त्यांना पाण्याचा थेंब दिला नाही. गोदावरी हातभर अंतरावर वाहत होती. दिवस मावळायच्या आत ते गेले. साथीत कोण कोणाला विचारतो, प्रेत नदीत सोडलं. हे ऐकल्यावर नर्मदाबाई रडल्या नाहीत. त्यांनी आधी दार लावलं. लिंबाजीला शपथ म्हणून बेलभंडारा उचलायला लावला, की हे तो मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही. मग आरशासमोर बसून त्यांनी रोजच्यासारखं कुंकू लावलं आणि दुकान उघडलं.

"पोट होतं, मास्तर. अन् कुंकवाबिगर मला दुसरं काय येतंय?" त्या म्हणाल्या. "पर त्यांना पानी न्हाई मिळालं. मरतानी न्हाई, मेल्यावर बी न्हाई. बारा वर्सं मी त्यांना तसंच ठिवलं. तवा ते गप व्हते. तुमी पुस्तकात घातलं अन् ते दुकानात आले. त्यांचं नाव काढा त्यातून. लय तहानलेत ते."

मी काय सांगणार? छापलेलं पुस्तक गावोगाव गेलं होतं. शंभर कपाटांत ते जाऊन बसलं असेल आणि प्रत्येक कपाटात किशनरावांचं दुकान ‘आहे’. त्या थंड डोक्याच्या गृहस्थांचं म्हणणं मला आठवलं. मी बाईंना म्हटलं की पुस्तकाला पाणी देता येत नाही, माणसाला येतं. पळसाचा पुतळा करता येतो. पण त्यासाठी तुम्हाला भटजींसमोर खरं बोलावं लागेल. त्याचा अर्थ काय ते मला बोलून दाखवावं लागलं नाही. त्यांनी पदराच्या टोकाने काठावरचे लाल ठसे पुसले, आणि म्हणाल्या, उद्या.

दुसऱ्या दिवशी पारावर त्यांनी उभ्याने सगळं सांगितलं, खाली मान घालून नाही, भटजींकडे बघून. मला वाटलं होतं बन्सीधर आता आकांडतांडव करेल, बारा वर्षं माझ्या भावाला भूत करून ठेवलंस म्हणेल. तो म्हणाला नाही. तो पारावरून खाली उतरला आणि भावजयीच्या समोर जमिनीवर बसला. दादाने मरताना काय मागितलं, हे त्याने तिला पुन्हा एकदा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

विधी नदीवर झाला. पळसाची हिरवी पानं दोऱ्याने बांधून माणसाएवढा पुतळा केला होता. नारळाचं डोकं. मला तो बघवत नव्हता, कारण वाऱ्याने पानं हलत होती. अग्नी दिल्यावर बन्सीधरने तिळाचं पाणी सोडायला ओंजळ धरली. भटजींनी मंत्र म्हटले, पुरे म्हणाले. बन्सीधर थांबेना. नदीतून ओंजळ भरायची, सोडायची, पुन्हा भरायची. भटजींनी दोनदा हटकलं. मग तेही गप्प झाले आणि आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो, तो दमेपर्यंत. सरकीच्या वखारीबद्दल मी त्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मी तिथेच परत घेतल्या.

घरी बायकांनी नर्मदाबाईंचं कपाळ पुसलं. ते सोपं गेलं नाही, असं कावेरी सांगत होती. इतक्या वर्षांचा रंग कातडीत उतरला होता, पुसला तरी जागा तांबूस राहत होती. एक म्हातारी ओल्या फडक्याने घासत होती आणि रडत होती. नर्मदाबाईच तिला म्हणाल्या की राहू दे आत्या, जाईल हळूहळू.

बन्सीधरने जागा मागितली नाही. वहिनी, दुकान चालवा, असं तो म्हणाला. पण कुंकू कोण घेणार? नर्मदाबाईंनी हळद विकायला सुरुवात केली. वसमतची तीच हळकुंडं, तेच जातं, तेच गाळायचं कापड. फक्त लिंबाचा रस आणि टाकणखार त्यांनी बंद केला. पिवळं ते पिवळंच ठेवायचं, लाल होऊ द्यायचं नाही. स्वयंपाकाच्या हळदीला कोणी नाही म्हणत नाही. त्यांचं पोट चाललं.

पावसाळ्यात संपादकांचं पत्र आलं. पहिल्या खंडाचं शुद्धिपत्र काढतो आहोत, चुका कळवा. मी लेखणी उचलली. माझी हार मान्य करायची होती, ती मी माझ्यापुरती केलीही. तरी नाव काढण्याआधी बाईंना सांगावं म्हणून मी दुपारीच दुकानात गेलो. त्या रांजणाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, बाई, तुमच्या मनासारखं होतंय, आज मी त्यांचं नाव पुस्तकातून काढतो.

त्यांनी रांजणाचं झाकण उचललं. पाणी काठोकाठ होतं. पडद्यामागे काही आवाज नव्हता.

"त्या दिवसापासून असाच भरलेला ऱ्हातोय," त्या म्हणाल्या. "भ्या वाटायचं मला, मास्तर, पर घरात मानूस व्हतं. बारा वर्सांनी घरात मानूस आलतं." त्यांनी झाकण परत लावलं. "नका काढू. तेवढं एक ऱ्हाऊ द्या."

मी शुद्धिपत्रासाठी पिकांच्या नावातली एक चूक कळवली आणि दुसरं काही कळवलं नाही. कोशात आजही किशनराव यांचे कुंकवाचे दुकान प्रसिद्ध आहे. ते खोटं आहे, आणि खोटं कोशात नसावं हे मला आता त्या संपादकांपेक्षा जास्त पटतं. बोळातून दुपारी कोणी जात नाही, पण मी जातो. नर्मदाबाई रांजणापाशी बसलेल्या असतात. पाऊल वाजलं की झाकण काढून आत बघतात, पाणी थोडंसं तरी खाली गेलंय का.